पाय, हात आणि कान : गोरोबाकाकांच्या संसाराची गोष्ट

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे निघालं की वाटेत केदारखेडा लागतं. इथून पुढे भोकरदनपर्यंतचा मुलूख म्हणजे सातवाहनकाळातल्या भोगवर्धनाचा, आजच्या भोकरदनचा, शेजार. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनाची माणसंही आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनच्या पांढरीत उत्खनन केलं आणि पुढच्याच वर्षी शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात घडे, वाडगी, मणी, मातीच्या मूर्ती असं पुष्कळ काही मिळालं. दान देणाऱ्यांची नावं दगडावर राहिली, पण घडे घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठे राहिलं नाही.

कुंभाराच्या कामाचं हे नेहमीचंच प्राक्तन आहे. संक्रांतीची सुगडं, अक्षय्यतृतीयेची केळी, पोळ्याचे बैल, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या हे सगळं त्याच्या हातचं. अंत्ययात्रेत पुढे धरलेलं मडकंही त्याचंच. घराघरातल्या जन्ममरणाशी ज्याचा इतका संबंध, त्याचं स्वतःचं घर कसं होतं, त्याचं कुणावर प्रेम होतं, त्याच्या घरात भांडण कशावरून होई, हे कुणी लिहून ठेवलं नाही. याला मराठवाड्यात एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे तेरचे संत गोरा कुंभार. त्यांचं व्यक्तित्व, त्यांचा संसार आणि त्यांची प्रेमाची ओढ मराठी माणूस सातशे वर्षं सांगत आणि ऐकत आला आहे.

तगरची माती

धाराशिव जिल्ह्यातलं तेरणेकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. हे तगर म्हणजे तेरच, हे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने दाखवून दिलं. पुढे बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून आणि पांढरीतून वस्तू गोळा केल्या. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून त्या आतून पोकळ घडवलेल्या आहेत. अंबाड्याची वळणं, कानातली आभूषणं, ओठांवरचं हसू इतकं नेमकं आहे की घडवणाऱ्याने माणसाचा चेहरा किती निरखला असेल ते कळतं. भोकरदन आणि पैठणलाही याच घराण्याच्या मूर्ती मिळाल्या आहेत. मातीची इतकी जुनी जाण असलेल्या गावात गोरोबा जन्मले.

परंपरा त्यांचा काळ इ.स. १२६७ ते १३१७ असा सांगते. आईवडील रखुमाई आणि माधवबुवा. ज्ञानेश्वर, नामदेव, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा यांच्या काळातले हे संत. मंडळीत वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना 'काका' म्हणत. त्यांचे वीसेक अभंग आज उपलब्ध आहेत. संसाराची हकिकत त्या अभंगांत फारशी येत नाही. ती येते संतचरित्रांतून, आणि मुख्यतः महिपतींच्या 'भक्तविजया'तून. तो ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे गोरोबांच्या समाधीनंतर जवळजवळ साडेचारशे वर्षांचा. त्यामुळे पुढची हकिकत इतिहास म्हणून वाचता येणार नाही. इतक्या पिढ्यांनी ती सांभाळली, घासली, पुढे दिली, तेव्हा तिच्यात त्यांना काहीतरी खरं सापडलं असलं पाहिजे. ते काय, याचा शोध मला महत्त्वाचा वाटतो.

पाय

कथा सर्वांना ठाऊक आहे. पत्नी संती पाण्याला जाताना रांगतं मूल गोरोबांच्या स्वाधीन करून गेली. गोरोबा चिखल तुडवत होते, तोंडी विठ्ठलाचं नाव होतं. मूल रांगत चिखलात आलं आणि तुडवलं गेलं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

ही गोष्ट आपण तल्लीनतेचा नमुना म्हणून ऐकतो. कुंभारकाम जवळून पाहिलेल्याला मात्र ती वेगळी ऐकू येते. माती चाळून भिजवायची, तिच्यात लीद किंवा राख मिसळायची आणि मग पायांनी तुडवायची. हे नुसतं ताकदीचं काम नाही. तुडवताना टाचेखाली बारीक खडा आला तरी तो कळावा लागतो, कारण तोच खडा पुढे चाकावर बोटाला लागतो आणि आव्यात मडकं तडकवतो. कुंभाराचा तळपाय हा त्याचा पहिला पारखी असतो. ज्या पायाला हरभऱ्याएवढा खडा कळतो, त्याला पोटचं पोर कळलं नाही, हा या कथेचा खरा घाव आहे. ज्याने ती प्रथम सांगितली त्याला हा धंदा चांगला ठाऊक असणार. देवाच्या प्रेमात बुडालेल्या माणसाकडून घरात काय घडू शकतं, हे त्याने जराही मऊ न करता सांगितलं आहे.

हात

संतीने आकांत केला, विठोबाला नाही नाही ते बोलली. विठोबाची निंदा ऐकून गोरोबा तिला मारायला धावले. तेव्हा ती म्हणाली, मला शिवलात तर विठोबाची आण आहे. गोरोबा जागच्या जागी थांबले आणि त्या दिवसापासून त्यांनी तिला स्पर्श केला नाही.

संतीकडे दुसरं शस्त्र नव्हतं. नवरा ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतो त्याचंच नाव तिने स्वतःच्या रक्षणासाठी उभं केलं. पण त्याच शब्दाने तिचा संसारही थांबला. वंश बुडू नये म्हणून तिने धाकट्या बहिणीशी, रामीशी, नवऱ्याचं लग्न लावून दिलं. लग्नात सासऱ्यांनी बजावलं, दोघींना सारखं वागवा. गोरोबांनी तो शब्दही अक्षरशः पाळला आणि रामीलाही शिवले नाहीत. शेवटी एका रात्री दोघी बहिणींनी झोपलेल्या नवऱ्याचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवले. जाग येताच गोरोबांना वाटलं, आण मोडली. अपराध हातांचा, म्हणून त्यांनी हातच तोडून टाकले.

कुंभाराचे हात गेले म्हणजे चाक बंद पडलं, घराची चूल विझली. कीर्तनात इथे गोरोबांच्या निष्ठेचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण त्या रात्रीच्या दोघी बायकांकडेही पाहिलं पाहिजे. एकीचं मूल गेलेलं, दुसरीला लग्नाचा अर्थच मिळालेला नाही. त्यांनी चोरून मिळवला तो फक्त झोपेतल्या हाताचा स्पर्श. मराठी संतकथांमध्ये स्त्रीच्या प्रेमाच्या भुकेचं इतकं उघड आणि इतकं करुण चित्र मला दुसरं आठवत नाही.

कान

तिसरी गोष्ट तेरला जमलेल्या संतमेळ्याची. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, काका, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते पाहण्यासाठी. मग यातलं कच्चं कोणतं ते पाहा, असं म्हणताच गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत राहिले, नामदेव मात्र दुखावले. गोरोबांनी निवाडा दिला : हे मडकं कच्चं आहे. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू भेटला.

धंद्यात थापटणं ओल्या मडक्यासाठी असतं. आतून गोळा धरायचा, बाहेरून थापटत भिंत पातळ करत न्यायची. भाजलेलं मडकं टिचकी मारून, आवाजावरून ओळखतात. भाजलं असेल तर खणखणतं, राहिलं असेल तर बद्द वाजतं. कथेने ही दोन्ही कामं एकत्र केली. त्यात गोरोबांच्या स्वभावाचं मर्म आहे. ते तोंडावर खरं बोलणारे होते. समोरचा विठ्ठलाचा लाडका आहे म्हणून त्यांचा कान बदलला नाही.

घरी परतणं

हात गेल्यावर विठ्ठल स्वतः मजूर होऊन गोरोबांच्या घरी राबला, अशी कथा आहे. पुढे आषाढीला पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन उभं राहिलं. सर्वांनी हात वर करून टाळी वाजवावी असं नामदेव म्हणाले. गोरोबांनी थोटे बाहू उचलले आणि त्यांना हात फुटले. ज्याला त्यांनी कच्चं ठरवलं त्याच्याच कीर्तनात हे घडावं, ही कथेची मोठी समज आहे. मग संतीने पदर पसरून आपलं मूल मागितलं, आणि ते रांगत तिच्याकडे आलं. देवाने आण सोडवली आणि गोरोबांना दोघी पत्नींसह संसार करायला सांगितलं.

या शेवटाकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. घर सोडून देवाकडे गेलेल्यांच्या कथा जगभर आहेत. इथे देव भेटतो आणि भक्ताला घरी पाठवतो. हात परत आले ते टाळीसाठी आणि चाकासाठी, तसेच संती आणि रामीसाठीही. वारकरी परंपरेने संसारातच परमार्थ मांडला, आणि बायकोचं देणं थकवून केलेली भक्ती तिने पूर्ण मानली नाही. गोरोबांच्या प्रेमाचा शोध पंढरपुरात संपत नाही, तो तेरच्या अंगणात परत येऊन पुरा होतो.

ही कथा महाराष्ट्राबाहेरही गेली. १९७४ साली राजकुमार यांनी 'भक्त कुंबार' या कन्नड चित्रपटात गोरोबा उभे केले. तेरला काळेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्य त्रयोदशीला तिथे यात्रा भरते. तिथे आणि गावोगावच्या कीर्तनांत ही कथा सांगितली जाते, तेव्हा संतीच्या वाट्याला आकांताच्या चार ओळींपेक्षा जास्त यायला हवं. विठोबाला जाब विचारणारी तीच, नवऱ्याचा हात अडवणारी तीच, आणि सगळे जयघोषात दंग असताना मुलाची आठवण ठेवून ते मागणारीही तीच. गोरोबांना देव भेटला हे खरं. त्या भेटीला घराचा पत्ता संतीने दिला, हेही तितकंच खरं आहे, आणि ते आता मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.