चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा

राजकारण्याच्या किंवा खेळाडूच्या चरित्रपटात प्रेक्षक चेहऱ्याशी तडजोड करतो. गायकाच्या चरित्रपटात मात्र तो कानाशी तडजोड करायला तयार नसतो, कारण मूळ आवाज त्याने ऐकलेला असतो.

फ्रान्सची लाडकी गायिका एदित पियाफ हिच्यावर दिग्दर्शक ऑलिव्हिए दाहाँ यांनी २००७ मध्ये ‘ला व्ही आँ रोज’ हा चित्रपट केला. १९१५ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेली ही मुलगी रस्त्यावर गात वाढली, जगभर गाजली, आणि १९६३ मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी गेली. मारियों कोतियार या अभिनेत्रीने तिची तरुणाई आणि अकाली आलेलं जर्जरपण अंगावर घेतलं. तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं आणि रंगभूषेसाठीही चित्रपटाला ऑस्कर मिळालं. गाणी मात्र कोतियारची नव्हती. पियाफची जुनी ध्वनिमुद्रणं आणि जिल एग्रो या गायिकेचा आवाज यांवर तिने ओठ हलवले.

हाच पेच मराठीत चार वर्षांनी आला. नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिती आणि रवी जाधव यांचं दिग्दर्शन असलेला ‘बालगंधर्व’ २०११ मध्ये झळकला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची भूमिका सुबोध भावे यांनी केली, तर गळा होता भीमसेन जोशींचे शिष्य आनंद भाटे यांचा. राष्ट्रीय पुरस्कारांत भाटे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक ठरले आणि विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेचाही गौरव झाला. पुरुषाने स्त्री व्हायचं आणि शालू नेसून तीनही सप्तकांत लीलया फिरायचं, हे दोन माणसांनी मिळून साधलं.

बालगंधर्वांचं आयुष्यच नाट्यमय होतं. जन्म १८८८ चा. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांची. १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी, खरे दागिने, उंची अत्तरं. मंडळींचा थाट असा की कर्ज वाढत गेलं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६७ मध्ये ते गेले. उतारवयातलं दैन्य सगळ्यांना ठाऊक आहे.

दैन्य दाखवणं सोपं असतं. पियाफचं व्यसन, बालगंधर्वांची कर्जं, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणायला एवढं पुरतं. अवघड आहे ते गाणं कसं घडतं हे दाखवणं. बालगंधर्वांचं पद ‘वन्स मोअर’च्या गजरात रंगत जाई आणि नाटक रात्रभर चाले. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. आज आपल्याजवळ उरलं आहे ते मुख्यतः एवढंच. चित्रपटाने ती मैफल पुन्हा उभी केली, हे त्याचं मोठं काम.

दुसरी वाट ‘मी वसंतराव’ने दाखवली. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित हा चित्रपट २०२२ मध्ये आला. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गाणं जपणाऱ्या वसंतराव देशपांड्यांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि गायलेही तेच. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. इथे अभिनय करणाराच गात असल्यामुळे श्वास, मान, हात आणि सूर एकाच देहातून येतात. माझ्या मते मराठी चरित्रपटाची ही सगळ्यात प्रामाणिक वाट आहे, पण असा योग क्वचितच जुळतो.

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या वाचकाला यात आणखी एक जवळचा धागा सापडेल. १९३५ च्या प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये खुद्द बालगंधर्व पुरुषवेषात पडद्यावर आले, तेही गोदाकाठच्या पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. पडद्यावर त्यांचं मन रमलं नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. पण त्यांचा चेहरा आणि गळा त्यात एकत्र आहेत.

म्हणून या दिवाळीत घरच्यांसोबत ‘बालगंधर्व’ जरूर पाहा. पण तिथे थांबू नका. त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं आज मोबाईलवरही मिळतात. खरखर सहन करून ती ऐका आणि मुलांनाही ऐकवा. चित्रपट संपल्यावर मूळ आवाजाची ओढ लागली, तरच गायकाचा चरित्रपट यशस्वी झाला असं म्हणावं.