सिमेंटची भट्टी आणि जळणाचा हिशेब



विहीर बांधायची असो की घराचा स्लॅब टाकायचा असो, सिमेंटचे पोते घेताना आपण आधी भाव विचारतो. त्या भावात जळण आणि विजेचा वाटा फार मोठा असतो. हा खर्च सिमेंटवाल्यांनी कसा आटोक्यात आणला, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. कारण आपला कारखानाही वाफेवरच चालतो.

सिमेंट कसे होते?

चुनखडी आणि थोडी माती एकत्र दळून फिरत्या भट्टीत भाजतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पुढे १४५० अंशाला माल अर्धवट वितळून त्याचे काळपट खडे होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. ते थंड करून थोडे जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आणि कोळसा दोन्ही असल्याने तेथे हे कारखाने उभे राहिले.

एकच उष्णता अनेकदा

पूर्वी दळलेल्या मालात पाणी घालून त्याची रबडी भट्टीत सोडीत. ते पाणी आटवण्यातच पुष्कळ कोळसा जाई. एक किलो क्लिंकरला १३०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता लागे. आता माल कोरडाच दळतात. भट्टीतून निघणारा तप्त वायू उंच मनोऱ्यातून वर जातो, माल वरून खाली येतो, आणि वाटेतच तापतो. चांगल्या भट्टीला आज ७०० ते ७५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे जळण जवळजवळ निम्म्यावर आले.

आपल्या इव्हॅपोरेटरमध्ये हेच तत्त्व आहे. पहिल्या बॉडीतली रसाची वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. फुकट काही सोडायचे नाही.

लहान गळती, मोठा तोटा

भट्टीच्या सांध्यातून बाहेरची थंड हवा आत शिरली, तर तीही तापवावी लागते आणि पंख्यालाही जास्त ओढावे लागते. म्हणून सांधे वेळोवेळी तपासतात. पंख्याचेही गणित ऐकण्यासारखे आहे. झडप दाबून हवा कमी करण्यापेक्षा पंख्याचा वेगच २० टक्क्यांनी उतरवला, तर वीज जवळपास निम्मीच लागते. शिवाय वीजकेंद्रातली राख १५ ते ३५ टक्के मिसळून केलेल्या सिमेंटला क्लिंकर कमी लागते, म्हणजे तेवढे जळणही वाचते.

खोळंबा सर्वांत महाग

भट्टीच्या आत विटांचे अस्तर असते. वीट निखळली की बाहेरचा पत्रा लाल होतो आणि भट्टी बंद करावी लागते. नुसती बंद करूनही भागत नाही. तापलेली भट्टी एका जागी उभी राहिली तर स्वतःच्या वजनाने वाकते. म्हणून ती हळूहळू फिरवीत थंड करावी लागते. दुरुस्तीनंतर पुन्हा तापवायला दिवसभर किंवा अधिक वेळ लागतो, आणि त्या काळात जळण जाते पण माल निघत नाही. त्यामुळे पत्र्याचे तापमान, बेअरिंगची गरमी, यंत्राचा थरथराट आणि वंगण यांची रोज नोंद ठेवतात. मोडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मोडण्याआधी भाग बदलणे स्वस्त पडते.

आपण काय करायचे?

सिमेंटची भट्टी वर्षभर चालते. आपल्याला पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगची सवड मिळते. ते काम नीट झाले तर हंगामात मिल थांबत नाही. मिल थांबली की बॉयलरमधले बगॅस वाया जाते, यार्डात गाड्या तुंबतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि उतारा पडतो. नुकसान शेवटी सभासदाचेच.

यात शेतकऱ्याचाही हात आहे. मोळीतून आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा मिलचा रोलर खराब करतो. पाचट आणि मातीमुळे यंत्रे झिजतात, रसही कमी निघतो. तेव्हा तोडणीच्या वेळी फडात लक्ष ठेवा आणि स्वच्छ, ताजा ऊसच गव्हाणीत जाऊ द्या. वाचलेले बगॅस आणि न झालेला खोळंबा, दोन्ही आपल्याच पदरात पडणार आहेत.