थरांचा हट्ट

घरच्या पडद्यातील नेहमीच्या द्रवस्फटिकाला विजेचा हुकूम बजावण्यास काही मिलिसेकंद लागतात. त्याचा फेरोइलेक्ट्रिक भाऊबंद तेच काम मायक्रोसेकंदांत उरकतो, आणि वीज काढून घेतल्यावरही घेतलेली बैठक सोडत नाही. असा गुणवान पदार्थ घरोघर का पोचला नाही, याचा तपास संपादकांनी माझ्याकडे सोपविला. त्याचे उत्तर दोन काचांमधील एक-दोन मायक्रॉनांच्या फटीत आहे.

थरांत रचलेल्या, कललेल्या विशिष्ट रेणूंत विद्युत्ध्रुवण आपोआप उपजले पाहिजे, हे रॉबर्ट मेयर यांचे अनुमान फ्रान्समधील ओर्से येथे घडविलेल्या संयुगाने 1975 साली खरे ठरविले. परंतु थरागणिक फिरणाऱ्या मळसूत्रात ते ध्रुवण परस्पर रद्द होई. 1980 साली नोएल क्लार्क व स्वेन लागरवाल यांनी फट इतकी अरुंद केली, की काचांच्या पृष्ठभागांनीच मळसूत्र उलगडले व रेणूंना दोनच बैठका उरल्या. कल 22.5 अंशांचा असला, की त्या बैठकांत 45 अंशांचे अंतर पडते, आणि काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये एक काळोख देते, दुसरी उजेड.

खरी गोम थरांत आहे. ते फडताळातील पुस्तकांप्रमाणे ताठ उभे असतील ही समजूत क्ष-किरणांच्या साक्षीने 1987 साली मोडीत काढली. पदार्थ निवताना रेणू कलतात आणि थर पातळ होतो. पण काचेवर त्याचे पाय आधीच रोवलेले असल्यामुळे, जागा भरून काढण्यासाठी तो मधोमध वाकतो. शेजारचा विरुद्ध दिशेस वाकला, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या सीमेवर नागमोडी रेघा दिसतात, आणि काळोखाच्या बंदोबस्तातून प्रकाश पाझरतो.

उपाय पुष्कळ, पण प्रत्येक आपला मोबदला मागतो. पॉलिइमाइडचा लेप कापडाने एका दिशेस घासावा, तर धूळ व स्थिर वीज मागे राहते. पृष्ठभागाची पकड घट्ट करावी, तर रेणूंना एकच बैठक प्रिय होऊ लागते. सैल ठेवावी, तर दोष माजतात. प्रबळ प्रत्यावर्ती विद्युत्क्षेत्राने थर बरेचसे ताठ होतात, पण पट्टे उमटतात. रंजकाच्या लेपावर ध्रुवित प्रकाश टाकून दिशा देण्याची युक्ती मला सर्वांत आशादायक वाटते, कारण प्रकाशाच्या मात्रेने पकडीचे माप ठरविता येते. मात्र पडद्यावर बोट दाबून थर एकदा विस्कटले, की तीही निरुपयोगी. पदार्थ तापवून पुन्हा सावकाश निववावा लागतो. कॅननने 1990 च्या दशकात मोठा पडदा बाजारात आणला, तरी तो टिकला नाही. सिलिकॉनवरील चिमुकल्या पडद्यांत, कॅमेऱ्याच्या दर्शकात, जेथे कोणाचे बोट पोचत नाही, तेथे या पदार्थाला आश्रय मिळाला. वेगाची उणीव येथे कधीच नव्हती. विस्कटल्यावर स्वतः सावरणारा थर जोवर साधत नाही, तोवर बाकीची सुधारणा डागडुजीच ठरेल.