एस्क्रिमा वाचायची तर कुठून सुरुवात करावी?

युद्धकलेच्या तत्त्वज्ञानावर काय वाचावं, असं विचारलं की पहिलं नाव ठरलेलं असतं: जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी आणि १६४५ मध्ये त्यानं पूर्ण केलेला 'गोरिन नो शो'. फिलिपिन्सच्या वाट्याला असा ग्रंथ आला नाही. तिथल्या काठी-तलवारीच्या विद्येवरचं पहिलं छापील पुस्तक मानलं जातं ते प्लासिदो याम्बाओ यांचं, आणि ते निघालं थेट १९५७ मध्ये. अर्निस, एस्क्रिमा, काली अशा नावांनी ओळखली जाणारी ही विद्या तोवर घराण्यांत, अंगणांत, तोंडी शिकवणीतूनच पुढे गेली.

म्हणून तिचं तत्त्वज्ञान सरावातच शोधावं लागतं. अनेक युद्धकलांत आधी रिकामे हात आणि मग शस्त्र असा क्रम असतो. इथे सहसा उलटं चालतं: नवशिक्याच्या हातात सुरुवातीलाच साधारण २८ इंचांची वेताची काठी येते. वारांना क्रमांक असतात, पुष्कळ शाखांत बारा. समोरच्याच्या डाव्या कानशिलावर तिरका उतरणारा वार पहिला, उजव्या कानशिलावरचा दुसरा. हातात काठी असो, बोलो कोयता असो की नुसती मूठ, वाराची रेषा तीच. शिकणारा हत्याराकडे न बघता दिशा ओळखायला शिकतो. प्रतिकाराचं पहिलं लक्ष्यही डोकं किंवा छाती नसून हत्यार धरलेला हात असतो. हात निकामी झाला की लढाई मिटते आणि माणूस मारावाच लागतो असं नाही. पानभर उपदेशापेक्षा हा एक नियम जास्त शिकवून जातो.

हे बारकावे जगापुढे नीट आले ते डॅन इनोसान्तो यांच्या १९८० च्या पुस्तकामुळे. ब्रूस लीचे सहकारी म्हणून त्यांना ओळखणारे पुष्कळ. या पुस्तकाचं मोल मात्र कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या म्हाताऱ्या गुरूंमुळे आहे. शतावरीच्या शेतांत राबणारे फिलिपिनो मजूर तिथे स्थायिक झाले होते. त्यांच्यातल्या एंजल कबालेस यांनी १९६६ मध्ये सर्वांसाठी शाळा उघडली, तेव्हा बाहेरच्यांना विद्या देणं अनेक जुन्यांना रुचलं नव्हतं. लिओ हिरोन यांनी तर दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांच्या पिछाडीला, फिलिपिन्सच्या जंगलात, बोलो प्रत्यक्ष चालवला होता.

गुरूंच्या आठवणींबरोबर दंतकथाही येतात, आणि वाचकानं इथे सावध राहावं. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्सच्या माक्तान बेटावर पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन पडला, तो एस्क्रिमाच्या वारानं, असं सर्रास सांगितलं जातं. मॅगेलनच्या मोहिमेतल्या अंतोनिओ पिगाफेत्ताचं वर्णन मुळातून वाचावं. मांडीभर पाण्यातून चालत गेलेले खलाशी, बांबूच्या भाल्यांचा मारा, दंडाला जखम झाल्यामुळे अर्धीच उपसली गेलेली तलवार, मग डाव्या पायावर मोठ्या पात्याचा घाव. काठीच्या विद्येचा त्यात उल्लेख नाही. मॅगेलनला माक्तानचा सरदार लापुलापू यानं स्वतः मारल्याचंही पिगाफेत्ता लिहीत नाही.

नेड नेपांगे आणि सेलेस्तिनो माकाचोर यांचं 'सेबुआनो एस्क्रिमा' हे २००७ चं पुस्तक नेमकं हेच काम करतं. स्पॅनिश येण्याआधीच्या पुरातन 'काली'चा दावा ते कागदपत्रांवर घासून बघतात आणि नाकारतात. त्यांच्या मते ही विद्या घडली विसाया बेटांत, दक्षिणेकडून येणाऱ्या मोरो (मुस्लिम) हल्ल्यांना तोंड देताना, स्पॅनिश प्रभावाखाली. सगळे तज्ज्ञ हे मान्य करत नाहीत. पण वाद पुराव्यानं कसा घालावा, हे इथे शिकायला मिळतं. विसायांतल्या सेबू बेटाचा अलीकडचा इतिहास तर पुराणकथेइतकाच रंजक आहे: १९३२ मध्ये दोसे पारेस ही एस्क्रिमाची संस्था निघाली, आणि तिच्यातून फुटलेल्या वेनान्सिओ बेकन यांनी १९५२ मध्ये घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे बालिंतावाक शाखा सुरू केली.

अशी चाळणी जपानी परंपरेलाही लावली गेली आहे. जर्मन लेखक ऑयगेन हेरिगेल यांच्या धनुर्विद्येवरच्या गाजलेल्या पुस्तकातलं झेन बरंचसं गैरसमजातून आलेलं आहे, असं यामादा शोजी या जपानी अभ्यासकानं दाखवून दिलं. हेरिगेल आणि यामादा यांचं लेखन शेजारी ठेवून वाचावं.

२००९ च्या कायद्यानं अर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ ठरला, त्यामुळे हौशी पुस्तकांचं पीक वाढतच राहणार. त्यातून एकच निवडायचं तर मार्क वायली यांचं १९९७ चं 'फिलिपिनो मार्शल कल्चर' निवडावं. डावपेचांबरोबर ताईत, मंत्र, श्रद्धा आणि वृद्ध गुरूंची चरित्रं एकत्र मांडणारं इतकं भरीव पुस्तक या विषयात दुसरं नाही.