मेंढरांच्या मागें चालणारें गांव

मंगोलिया देशाचें वर्णन भूगोलांत वाचतांना आपल्यापैकीं पुष्कळांस मौज वाटते. नजर पोहोंचेल तेथवर गवताळ माळ, त्यावर चरणारीं मेंढरें, घोडे व उंट, आणि त्यांच्या मागोमाग फिरणारीं माणसें! लांकडी पट्ट्यांच्या जाळीभोंवतीं लोंकरीचे जाड बुरणूस गुंडाळून केलेलें त्यांचें वाटोळें घर थोड्या वेळांत उभें राहतें व तितक्याच त्वरेनें मोडून दुसरीकडे नेतां येतें. त्यास तेथें 'गेर' म्हणतात. तेथील हिवाळा मात्र भयंकर. २०२३-२४ च्या हिवाळ्यांत बर्फाखालीं गवत गाडलें जाऊन ७० लाखांहून अधिक जनावरें दगावलीं.

परंतु अशीं माणसें पाहण्यास मंगोलियापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. दिवाळी सरल्यावर कोल्हापुराहून कागल, हुपरी किंवा शिरोळ या बाजूस जावें, म्हणजे एखाद्या मोकळ्या शेतांत धनगरांचा वाडा उतरलेला दृष्टीस पडतो. हे लोक वाट फुटेल तिकडे भटकतात, अशी अनेकांची समजूत आहे. ती कितपत खरी आहे, तें पाहूं.

आपल्याकडे पाऊस सर्वत्र सारखा पडत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठीं सुमारें ५,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो; त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास, शिरोळांत, त्याचा जेमतेम दहावा भाग पडतो; आणि पुढें जत-आटपाडीकडे तर तेवढ्याचीही शाश्वती नसते. दख्खनी मेंढी मोठी काटक. ती काट्याकुट्यांवर गुजराण करते, कोसच्या कोस चालते. पण चिखल तिला मानवत नाहीं. लोंकर भिजून राहते, खूर कुजतात, रोग पसरतो. म्हणून पावसाळा लागतांच कळप पूर्वेच्या कोरड्या माळांकडे वळतात, कांहीं कर्नाटकांतही जातात. आणि पाऊस ओसरल्यावर नदीकांठच्या शेतांकडे परततात. फलटण-बारामतीकडील कळप तर दिवाळीनंतर घाट उतरून कोंकणांत जातात. मंगोल मेंढपाळ थंडीस चुकवितो, आपला धनगर पावसास चुकवितो, एवढाच काय तो भेद.

पाऊस आणि प्रवास यांची ही सांगड पट्टणकोडोलीच्या यात्रेंतही दिसते. हातकणंगले तालुक्यांतील या गांवीं दसरा व दिवाळी यांच्या दरम्यान विठोबा-बिरदेवाची यात्रा भरते. ढोल वाजतात, भंडाऱ्यानें आसमंत पिवळें होतें, आणि फरांडेबाबा पुढील वर्षाची भाकणूक सांगतात. भाकणुकीवर कोणीं किती विश्वास ठेवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तींत पाऊस, पीक व धान्याची धारणा यांचेंच बोलणें असतें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनीं या लोकांच्या ओव्या गोळा करून त्यांच्या देवतांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या शिवारांतील माणसांची ओळख आपणांस जर्मनींतील पंडितानें करून द्यावी, हें थोडें विचित्र खरें.

वाड्याची व्यवस्था पाहण्यासारखी असते. पुरुष कळप घेऊन चारणीच्या वाटेनें रेंगाळत जातात. बायका संसार घोड्यांवर लादून जवळच्या वाटेनें मुक्कामीं पोहोंचतात. भांडीं, धान्य, कोंबड्या, नुकतींच जन्मलेलीं कोंकरें आणि कधीं कधीं तान्हें मूलही, सारें घोड्याच्या पाठीवर! मुरगूडकडे आम्हीं एक वाडा पाहिला. तेथें दिवस मावळण्यापूर्वींच तीन दगडांची चूल पेटली होती व वाघूर, म्हणजे मेंढरें कोंडण्याची जाळी, मेखांना बांधून तयार होती. रात्रीं लांडग्याचें भय असतें. त्यासाठीं कुत्रीं राखतात, आणि माणसेंही सावधच निजतात.

आतां शेतकरी आपल्या रानांत हा कळप कां उतरूं देतो? यांतच या प्रवासाचें मर्म आहे. शेंकडों मेंढरें एका शेतांत रात्रभर बसलीं, म्हणजे त्यांच्या लेंड्या व मूत्र यांनीं जमिनीस उत्तम खत मिळतें. यास 'मेंढरें बसविणें' म्हणतात. याबद्दल शेतकरी धनगरास धान्य किंवा रोख पैसा देतो. कोणत्या गांवीं, कोणाच्या रानांत व किती रात्री, हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. कित्येक घरांचा असा संबंध वडिलांपासून मुलाकडे आलेला असतो. ज्याची प्रत्येक रात्र अशी बोललेली आहे, त्यास भटक्या म्हणावें काय?

मात्र ही वाट दिवसेंदिवस अरुंद होत आहे. पंचगंगा व दूधगंगा यांच्या खोऱ्यांत ऊस वाढला. आडसाली ऊस दीड वर्ष रानांत उभा असतो, आणि तो निघाल्यावरही खोडवा राखतात. मग मेंढरें बसावीं कोठें? गायरानें आकसलीं. गोण्यांतून मिळणाऱ्या खतानें शेतकऱ्याची गरज कमी केली. लोंकरीची दशा तर याहून वाईट. दख्खनी लोंकर राठ, तिचीं घोंगडीं टिकाऊ, चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेलीं. पण गिरणीच्या स्वस्त चादरीपुढें त्यांस गिऱ्हाईक थोडें. मेंढरें भादरण्याची मजुरी लोंकरीच्या किंमतींतून सुटत नाहीं, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. कळप आज टिकला आहे तो मुख्यतः मांसाच्या भावावर.

यांत सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. २००९ च्या कायद्यानें तर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला. पण शाळा एका जागीं बांधलेली आणि मूल महिन्यांत तीन तालुके ओलांडणारें! कोणी मुलांस आजी-आजोबांपाशीं गांवीं ठेवतात. तें न जमल्यास मुलगी धाकट्या भावंडास सांभाळते व मुलगा काठी घेऊन कळपामागें जातो. २०२५ च्या एप्रिलांत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला. त्यांत कागल तालुक्यांतील यमगे गांवच्या एका मेंढपाळाचा मुलगा ५५१ वा आला. ही वार्ता त्याच्या कानीं पडली, तेव्हां तो बेळगांवकडे मेंढरें चारीत होता.