पाळी गेली, गर्भाशय आहे

केमोथेरपी संपली, पाळी परतली नाही, की नातेवाइकांपैकी कुणीतरी बोलून मोकळं होतं, ‘आता मूलबाळ विसरा.’ पाळी थांबली म्हणजे गर्भाशयही निकामी झालं, असं यात धरलेलं असतं. पण सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांचा मोठा फटका बीजांडकोशातल्या बीजांना बसतो. गर्भाशय बहुतेक वेळा शाबूत असतं. म्हणून दुसऱ्या स्त्रीचं, म्हणजे डोनरचं, बीज घेऊन गरोदर राहता येतं. त्यासाठी आधी इस्ट्रोजेन देऊन गर्भाशयाचं अस्तर वाढवतात, सोनोग्राफीत त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि डोनरच्या बीजापासून लॅबमध्ये वाढवलेला गर्भ आत सोडतात. दिवस राहिले तरी औषधं लगेच थांबत नाहीत. वार स्वतः हार्मोन तयार करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, ती घ्यावी लागतात.

ओटीपोटावर रेडिएशन झालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गर्भाशयाचे स्नायू आणि रक्तवाहिन्याही होरपळतात; गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. डोनरचं बीज कितीही चांगलं असलं तरी हे भरून निघत नाही.

‘पाळी नाही, म्हणजे डोनरच हवी’ ही घाईसुद्धा नको. तरुण वयात काहींची पाळी काही महिन्यांनी परतते. उपचारांआधी बीजं गोठवून ठेवली असतील, तर आधी तीच वापरायची.

सर्वांत मोठी भीती, ‘गरोदरपणाने कॅन्सर उलटेल.’ हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरबाबत ‘पॉझिटिव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. दीड ते अडीच वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या घेऊन, मग मुलासाठी त्या काही काळ थांबवलेल्या स्त्रियांमध्ये पहिल्या काही वर्षांत तरी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दीर्घकाळाचं उत्तर अजून यायचं आहे, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांचा होकार आधी, आयव्हीएफ नंतर. केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन हे औषध घेतलं असेल तर हृदयाचा टूडी इकोही हवा. शिवाय डोनरच्या बीजाने राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते. ही गोष्ट जोडप्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

‘बहिणीचंच बीज घेऊ’ हा घरगुती तोडगा आपल्याकडे चालत नाही. 2021 च्या एआरटी कायद्यानुसार डोनर नोंदणीकृत बँकेकडूनच मिळते. तिचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान, आणि जास्तीत जास्त सात बीजं. जोडप्याला हा आकडा अपुरा वाटतो, पण डोनरच्या शरीराचा विचार करता मला तो जाचक वाटत नाही. मूल कायद्याने त्या जोडप्याचंच; डोनरचा त्याच्यावर हक्क राहत नाही. आईकडे कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष असेल, तर तो या मार्गाने बाळाकडे जातही नाही.

‘बीज दुसरीचं, मग दूध कसं येणार?’ असंही विचारतात. दूध येतं ते गरोदरपणातल्या हार्मोनमुळे, बीज कुणाचंही असो. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेल्या बाजूला ते कमी येतं किंवा येत नाही. दुसऱ्या बाजूने पाजता येतं. मात्र टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी पुन्हा सुरू झाली की अंगावर पाजणं बंद करावं लागतं.