मंत्रचळ : कळणे आणि वळणे यांतील अंतर

दाराची कडी लागली आहे हे डोळ्यांनी पाहिलेले असते, हाताने चाचपलेले असते. तरीही तो माणूस दहा वेळा मागे वळतो. हात स्वच्छ आहेत हे ठाऊक असूनही त्वचा फाटेपर्यंत धूत राहतो. मराठीत ज्यास मंत्रचळ म्हणतात व आधुनिक वैद्यकात ज्याचे ओसीडी हे नाव रूढ आहे, त्या विकाराचे वर्म येथेच आहे. बहुतेक रुग्णांना आपल्या कृतीची निरर्थकता कळते, पण वळत नाही. ही दरी मेंदूत कशी प्रकटते, याचा मागोवा चित्रणतंत्रांच्या साहाय्याने गेली अनेक वर्षे घेतला जात आहे.

चित्रणाने काय दाखविले?

1987 मध्ये लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी किरणोत्सारी ग्लुकोज देऊन पीईटी चित्रण केले. नेत्रगुहेच्या वर असणारा मेंदूचा ऑर्बिटोफ्रंटल भाग आणि खोलवरचे कॉडेट केंद्रक येथे ग्लुकोजचा वापर वाढलेला आढळला. हे भाग पॅलिडम व थॅलॅमस यांच्यासह एक मंडल तयार करतात. ‘काहीतरी राहून गेले’ हा इशारा या मंडलात शमत नाही, पुनःपुन्हा फिरत राहतो, अशी उपपत्ती त्यातून पुढे आली. 1992 मध्ये याच गटाने उपचारांपूर्वीचे व नंतरचे चित्रण ताडून पाहिले. फ्लुओक्सेटिन घेऊन बरे वाटलेले आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेले, अशा दोन्ही रुग्णांत उजव्या कॉडेटमधील वाढलेली क्रिया उतरली होती. औषधाविना केलेल्या मानसिक अभ्यासानेही मेंदूच्या क्रियेत बदल घडतो, हा या निष्कर्षाचा मोठा अर्थ होय.

पुढे फंक्शनल एमआरआयमुळे रुग्ण प्रत्यक्ष बौद्धिक कार्य करीत असताना मेंदू पाहता येऊ लागला. नियोजनाची कोडी सोडविताना अग्रमस्तिष्काच्या वरच्या-बाहेरच्या भागाची व कॉडेटची क्रिया निरोगी व्यक्तींपेक्षा कमी पडते, असे 2005 मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात दिसले. 2008 मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी नियम अचानक उलटा करून चाचणी घेतली. जुनी सवय सोडून नवा नियम धरताना ऑर्बिटोफ्रंटल भागाची क्रिया रुग्णांत मंद होती. लक्षणे नसलेल्या त्यांच्या निकटच्या नातेवाइकांतही ती तशीच होती. विश्रांतीत अतिक्रियाशील असणारा भाग गरजेच्या वेळी तोकडा पडतो, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका रुग्णाचे चित्र पाहून निदान होत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय विश्लेषणात मेंदूच्या खोल भागांच्या आकारमानातील फरक सौम्यच आढळले. म्हणून नेहमीचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला, यावरून विकार नाही असे म्हणणे ही रुग्णाची वंचना ठरते.

आयुर्वेदीय चिंतन

चरकाचार्यांनी धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशास प्रज्ञापराध म्हटले आहे. मंत्रचळाचे अतत्त्वाभिनिवेशाशी साधर्म्य अनेकदा दाखविले जाते. परंतु तेथे बुद्धीच विषम होते, असत्य हेच सत्य वाटते. आपली कृती व्यर्थ असल्याचे जाणणाऱ्या रुग्णात धी बव्हंशी शाबूत असते. अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी धृती मात्र शिथिल झालेली असते. सवय मोडण्याच्या चाचणीत दिसणारी उणीव या धृतिविभ्रंशाच्या कल्पनेशी जवळीक साधते. अर्थात कॉडेट म्हणजे अमुक दोष, असे समीकरण मांडणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे होईल. ज्यांची जाणीवही हरपलेली आहे, अशा थोड्या रुग्णांत अतत्त्वाभिनिवेशाचा विचार अधिक समर्पक ठरतो.

चिकित्सकाचे कर्तव्य

आपल्याकडे हा विकार पुष्कळदा सोवळ्या-ओवळ्याच्या किंवा टापटिपीच्या आड लपतो. रुग्ण येतो तो हातांच्या त्वचाविकारासाठी वा अनिद्रेसाठी. मनातील विचार सांगण्याची त्याला लाज वाटते. ‘एखादा नकोसा विचार पुनःपुन्हा येतो का? एखादी कृती परतपरत करावी लागते का?’ एवढे दोन प्रश्न आस्थेने विचारले, तरी वर्षानुवर्षे दडलेले दुःख बोलते होते.

‘मन आवरा’ हा उपदेश येथे निष्फळ आहे. जे आवरणे जमत नाही, तोच तर आजार. उलट, ‘हात स्वच्छच आहेत’ असे घरच्यांनी वारंवार सांगितल्याने शंका क्षणभर शमते आणि अधिक बळावते. भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जाऊन कृती रोखण्याचा वर्तनोपचार प्रभावी ठरला आहे. सत्त्वावजयाच्या अंगाने तो वैद्यास परकाही नाही. मात्र तो प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच व्हावा. रुग्णाची चालू असलेली मनोविकारावरील औषधे आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होऊ नयेत, आणि आत्मघाताचे विचार आढळल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब नको. निद्रा, आहार, दिनचर्या यांची घडी बसविणे व कुटुंबास समजावणे, हे कार्य त्यासोबत वैद्याने अवश्य करावे.

रुग्ण हट्टी नाही, दुबळाही नाही. त्याचे आवरण्याचे साधनच थकलेले आहे. चित्रणाने दिलेला हा बोध आपण त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचविला, तर चिकित्सेचा पहिला टप्पा तेथेच सुरू होतो.